मेरिल स्ट्रीपचे पिक्चर बघायचेत? मग सोफीज चॉइसपासून सुरुवात करू नका

मेरिल स्ट्रीप हे नाव सगळ्यांना माहीत असतं, पण तिचं काय काय बघितलंय असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर 'ते फॅशनवालं बघितलंय आणि ते गाण्यांचं अर्धं' एवढंच असतं. मग कधीतरी वाटतं की बाई एवढी मोठी आहे तर नीट बघूया एकदा, आणि माणूस सर्च करतो, तिथे पहिल्या नंबरला 'सोफीज चॉइस' असतो, रात्री जेवण झाल्यावर तो लावतो आणि दुसऱ्या दिवशी कोणाशी बोलावंसंही वाटत नाही. माझ्या मावसबहिणीचं अगदी हेच झालं. तिने त्यानंतर वर्षभर मेरिलचं नाव काढलं नाही, म्हणे मला झेपत नाही ती. पिक्चर उत्तम आहे, बाईही उत्तम आहे, फक्त क्रम चुकला. म्हणून हे लिहितोय, की कुठून सुरू करायचं, कशानंतर काय लावायचं आणि मुख्य म्हणजे बघताना नेमकं कुठे बघायचं.

आधी थोडं गणित उरकून टाकू. जन्म १९४९ चा, न्यू जर्सीतला, येलच्या ड्रामा स्कूलमधून शिकलेली, पहिला पिक्चर १९७७ चा 'जूलिया', त्यात अगदी छोटं काम. ऑस्करची नॉमिनेशन २१, जी अभिनयात आजवर कोणालाच मिळालेली नाहीत, आणि प्रत्यक्ष ऑस्कर ३. म्हणजे १८ वेळा बाई नटूनथटून गेली आणि दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवून परत आली. दुसऱ्या आणि तिसऱ्या ऑस्करमध्ये तर २९ वर्षांचं अंतर आहे आणि मधल्या काळात १२ नॉमिनेशन कोरडी गेली. हे सांगायचं कारण एवढंच की ऑस्करची यादी घेऊन तिचे पिक्चर बघायला बसू नका. ज्याला मिळालं तो तिचा सर्वात चांगला असं अजिबात नाहीये, उलट 'द आयर्न लेडी' हा पिक्चर म्हणून मला बऱ्यापैकी विस्कळीत वाटतो, आणि ज्याला काहीच मिळालं नाही तो 'द ब्रिजेस ऑफ मॅडिसन काउंटी' मी चार वेळा बघितलाय.

दुसरी गोष्ट, डब केलेलं बघायचं नाही म्हणजे नाही. बाकी कोणाचंही डब बघा, मार्व्हल बघा, कार्टून बघा, काही बिघडत नाही, पण मेरिलचा आवाज काढून टाकला तर अर्धी मेरिल गेली. मूळ इंग्लिश ऑडिओ ठेवायचा आणि खाली सबटायटल लावायचे, इंग्लिश कितीही चांगलं असलं तरी लावायचे, कारण ही बाई कधी पोलिश हेल काढून बोलते, कधी डॅनिश, कधी ऑस्ट्रेलियन, आणि कधीकधी इतकं हळू बोलते की आपण आवाज वाढवतो आणि पुढच्याच सीनला दुसरं कोणीतरी ओरडतं.

तर सुरुवात 'द डेव्हिल वेअर्स प्राडा', २००६. हो, तुम्ही बघितलाय, मला माहितीये. परत बघा, पण यावेळी ॲन हॅथवेच्या कपड्यांकडे बघू नका. मिरांडा प्रीस्टली ही फॅशन मासिकाची संपादक, सगळं ऑफिस जिच्या नावाने चळाचळा कापतं, ती अख्ख्या पिक्चरमध्ये एकदाही आवाज चढवत नाही. स्क्रिप्ट वाचून कोणीही हा रोल आरडाओरडा करत केला असता. मेरिलने तो जवळजवळ कुजबुजत केलाय, आणि हा आवाज आपण क्लिंट ईस्टवुडकडून उचलला असं तिनेच सांगितलंय, कारण तो सेटवर कधीच आवाज चढवत नाही आणि म्हणून सगळ्यांना कान टवकारून ऐकावं लागतं. निळ्या स्वेटरवरचं ते लांबलचक भाषण आठवतंय ना, ते बोलताना ती एकीकडे पट्टे निवडतीये, कपडे बघतीये, म्हणजे समोरच्या पोरीची सालटी काढणं हे तिच्यासाठी साइडचं काम आहे. आणि मग पॅरिसच्या हॉटेलातला तो सीन, मेकअप नाही, अंगावर साधा गाउन, घटस्फोट होतोय, आपल्या जुळ्या मुलींबद्दल पेपरात काय छापून येईल याची चिंता, डोळे लाल, आणि तरी तोंडातून विषय कोणता तर जेवणाच्या टेबलावर कोणाला कुठे बसवायचं. हा सीन संपल्यावर पॉज करा आणि थोडं मागे जाऊन परत बघा. ती रडत नाही, रडून झालेलं असतं आणि आपण उशिरा पोचलेलो असतो. पुढच्या सगळ्या पिक्चरांमध्ये हेच शोधायचंय, म्हणून इथून सुरुवात.

पुढचा कोणता हे मूडवर आहे. डोकं बाजूला ठेवायचं असेल तर 'मम्मा मिया', २००८. ग्रीसमधलं बेट, मुलीचं लग्न, बापाच्या जागेसाठी तीन उमेदवार आणि ॲबा या स्वीडिश बँडची गाणी. स्टोरीत लॉजिक शोधू नका, नाहीये. साठीच्या उंबरठ्यावरची बाई पलंगावर उड्या मारतीये आणि धक्क्यावर नाचतीये, ते बघून हसत सुटायचं. पिअर्स ब्रॉस्ननचं गाणं सुरू झालं की दात ओठ खाऊन बसायचं, ते पण संपतं. पण कड्यावरचं ते 'द विनर टेक्स इट ऑल' चुकवू नका, कारण अख्खा पिक्चर टवाळी करत असताना तेवढी चार-पाच मिनिटं ती एकदम खरं गाते. लहानपणी ऑपेराचं गाणं शिकलीये ती, ते कुठे जातंय.

आणि मूड बरा असेल, पण रडायची तयारी नसेल, तर 'ज्युली अँड ज्युलिया', २००९. हा माझा सर्वात लाडका आहे त्यामुळे इथे जरा जास्त बोलणार. ज्युलिया चाइल्ड म्हणजे अमेरिकन बायकांना फ्रेंच स्वयंपाक शिकवणारी खरी बाई, उंची सहा फूट दोन इंच, आवाज असा की कोणीतरी बासरीतून ओरडतंय. मेरिल साडेपाच फुटांच्या आसपास. मग उंच टाचा, ठेंगणे ओटे, कॅमेऱ्याचे कोन असल्या युक्त्या करून तिला उंच केलंय, पण खरी उंची आलीये ती तिच्या वागण्यातून, लहानपणापासून सगळ्यांपेक्षा उंच असलेली मुलगी जशी दारातून जाताना नकळत वाकते आणि मग ते लपवण्यासाठी जास्तच मोठ्याने हसते तशी ती वावरते. कुकिंग क्लासात मागे पडली म्हणून घरी येऊन कांद्यांचा डोंगर चिरते तो सीन सगळ्यांना आवडतो, मलाही. पण बघायचा सीन दुसराच आहे. बहिणीचं पत्र येतं, ती आई होणार असल्याचं. ज्युलियाला मूल नाही, याबद्दल आधी कोणी धड बोललेलंसुद्धा नाही. ती पत्र वाचते, आनंद झाला म्हणते, आणि तेच म्हणता म्हणता रडायला लागते, आणि नवरा झालेला स्टॅन्ली टुची काही न बोलता तिला जवळ घेतो. संपलं. ना कोणी समजावून सांगितलं, ना फ्लॅशबॅक, ना व्हायोलिन. मिनिटभराच्या आत एका लग्नाची सगळी कथा सांगून मोकळे. (टुची प्राडामध्ये पण आहे, हे दोन पिक्चर पाठोपाठ बघितले की तो जुना मित्र भेटल्यासारखा वाटतो.)

मधला ज्युलीवाला भाग, म्हणजे आजच्या काळातली मुलगी ज्युलियाच्या पुस्तकातले पदार्थ करून बघते तो, तिथे चहा करून आणा, चालतं. एमी ॲडम्सची चूक नाही त्यात, तिला कामच रडकं दिलंय. तिचा बदला पुढे आहे, सांगतो.

आता जरा थांबून एक भांडण. पॉलीन केल नावाची अमेरिकेतली फार मोठी समीक्षक होती, तिला मेरिल आवडायची नाही, आणि १९८० च्या दशकात तिने साधारण असं लिहिलं की ही बाई मानेखाली आहे असं वाटतच नाही, सगळा अभिनय चेहऱ्यात. मेरिलला ते लागलं होतं. केलबाईंचं बाकी काहीही मी मान्य करीन पण हे नाही, आणि तुम्हालाही स्वतःच तपासून बघायचं असेल तर सोपा उपाय आहे, पुढचा पिक्चर बघताना तिचे फक्त हात बघा.

तो पिक्चर म्हणजे 'द ब्रिजेस ऑफ मॅडिसन काउंटी', १९९५. आयोवातल्या शेतावरची, मूळची इटलीतली बाई, नवरा आणि मुलं चार दिवस जत्रेला गेलीत, आणि झाकलेल्या लाकडी पुलांचे फोटो काढायला आलेला एक फोटोग्राफर रस्ता विचारायला दारात थांबतो. फोटोग्राफर म्हणजे क्लिंट ईस्टवुड, डिरेक्टरही तोच. गोष्ट ऐकली तर वाटतं की हे काय, मासिकातली कथा. पण फ्रान्सेस्काचे हात बघा, कधी मानेवर, कधी ड्रेसच्या गळ्याशी, माशी हाकलताना, भाजी चिरताना, फोनवर बोलता बोलता त्याची कॉलर नीट करताना. एवढी वर्षं ते हात फक्त कामाला लागले होते आणि आता त्यांना काय करावं कळत नाहीये. आणि मग पावसातला तो सीन, ट्रक सिग्नलला थांबलेला, नवरा शेजारी, पुढे त्याची गाडी, आणि तिचा हात दाराच्या हँडलवर. अख्खा सीन एका हातावर उभा आहे. केलबाई, बघताय ना?

ज्यांना एवढं हळूबाई नको असेल त्यांनी 'द रिव्हर वाइल्ड' लावा, १९९४, म्हणजे ब्रिजेसच्या बरोबर आधीचा. नदीतून राफ्ट चालवणारी आई, सोबत नवरा आणि पोरगा, आणि वाटेत केव्हिन बेकन बंदूक घेऊन. साधा थ्रिलर आहे, थोर वगैरे काही नाही, पण बरंचसं राफ्टिंग तिने स्वतः केलंय आणि ते दिसतं. हाच सूर धरून 'डेथ बिकम्स हर' पण उरकून घ्या, १९९२, मान उलटी फिरलेली मेरिल आणि पोटाला आरपार भोक पडलेली गोल्डी हॉन एकमेकींना फावड्याने हाणतायत. व्हिज्युअल इफेक्टचं ऑस्कर मिळालं याला. असल्या इफेक्टच्या कामाचा आपल्याला वैताग आला होता असं मेरिलने नंतर सांगितलंय, पण पडद्यावर वैताग कुठे दिसत नाही, उलट एवढी हलकट आणि एवढी मजेत ती क्वचितच दिसलीये. पोरंसोरं घरात असतील तर आधी तुम्ही एकटे बघा मग ठरवा.

इथपर्यंत चार-पाच पिक्चर झाले. आता तुम्ही तयार आहात, आता 'डाउट' लावायचा. २००८, म्हणजे जुलैमध्ये पलंगावर उड्या आणि डिसेंबरमध्ये काळा झगा आणि टोपडं, एकाच वर्षात. न्यू यॉर्कच्या ब्राँक्समधली कॅथलिक शाळा, साल १९६४, मेरिल मुख्याध्यापिका सिस्टर अलॉयशस, तिला संशय आहे की फादर फ्लिन एका मुलाशी काहीतरी वावगं वागलाय, पुरावा शून्य. फादर म्हणजे फिलिप सीमोर हॉफमन, मधे सापडलेली भाबडी तरुण सिस्टर म्हणजे आपली एमी ॲडम्स, आणि हाच तो बदला, इथे ती मेरिलसमोर अजिबात दबत नाही. चौघांना ऑस्कर नॉमिनेशन मिळालं, चौथी व्हायोला डेव्हिस, जी जेमतेम एका सीनपुरती आहे.

त्याच सीनबद्दल सांगायचंय. व्हायोला डेव्हिस त्या मुलाची आई, दोघी थंडीत शाळेबाहेर चालतायत, सिस्टर तिला सांगतीये की तुझ्या मुलाबाबत असं असं असू शकतं, आणि आई जे उत्तर देते ते सिस्टरच्या स्वप्नातही आलेलं नसतं. पहिल्यांदा बघताना तुम्ही व्हायोलालाच बघणार, बघायलाच पाहिजे, तिचं नाक वाहतंय आणि ती पुसत पण नाहीये. मग लगेच तो सीन परत लावा आणि यावेळी फक्त मेरिलकडे बघा. ती ऐकतीये. बस एवढंच करतीये. पण त्या ऐकण्यात आधी राग आहे, मग न समजणं, मग समजणं, मग आपल्याला समजलंय हे आवडलेलं नसणं. लोक तिच्या ॲक्सेंटची एवढी चर्चा करतात, हे बोलली तशी बोलली, मला विचाराल तर तिची खरी कमाल दुसरं कोणी बोलत असताना दिसते. स्वतःची वाक्यं चांगली म्हणणारे खूप आहेत, पण समोरचा आज पहिल्यांदाच हे बोलतोय असं वाटायला लावणारी माणसं कमी, आणि तिच्यासमोर उभे राहिलेले नट स्वतःच्या सर्वात चांगल्या कामात का दिसतात याचं कारणही मला वाटतं हेच असावं.

हे एकदा कळलं की जुन्या पिक्चरांकडे जायचं. 'क्रेमर व्हर्सेस क्रेमर', १९७९, नवरा बायको वेगळे होतायत आणि मुलाचा ताबा कोणाकडे यावर कोर्टात केस. पडद्यावर ती फार वेळ नाहीये, सुरुवातीला घर सोडून जाते आणि मग बराच वेळ सगळं डस्टिन हॉफमन आणि पोरगा. स्टोरी अशी होती की आई म्हणजे व्हिलन. मेरिलला ते पटलं नाही, तेव्हा ती तशी नवीच, पण ती बोलली, आणि कोर्टातलं आईचं म्हणणं तिने स्वतः लिहिलं. त्या साक्षीच्या आधी आपण बापाच्या बाजूने असतो आणि साक्ष संपल्यावर कोणाच्याच बाजूने राहता येत नाही. याला तिचं पहिलं ऑस्कर, सपोर्टिंगचं, आणि त्याच रात्री ती ऑस्करची बाहुली बाथरूममध्ये विसरून आली होती.

त्याआधीचा 'द डिअर हंटर', १९७८, तीन तासांचा, व्हिएतनाम युद्धाचा, जड. हा बघा पण फक्त तिच्यासाठी बघू नका, पिक्चर रॉबर्ट डि नीरो आणि ख्रिस्तोफर वॉकेनचा आहे. यातला स्टॅन म्हणजे जॉन कझाल, गॉडफादरमधला फ्रेडो, तो तेव्हा मेरिलचा जोडीदार होता आणि कॅन्सरने आजारी होता, त्याच्यासोबत राहता यावं म्हणून तिने हा छोटा रोल घेतला. पिक्चर रिलीज व्हायच्या आधी तो गेला. आयुष्यात त्याने पाचच पिक्चर केले आणि पाचही बेस्ट पिक्चरच्या नॉमिनेशनमध्ये. हे माहीत असलं की लग्नाच्या त्या लांबलचक सीनमध्ये ती हसताना दिसली की पोटात कालवतं, माझ्या तरी.

आता ॲक्सेंटवाले. यात सगळे 'आउट ऑफ आफ्रिका'कडे धावतात, १९८५, सात ऑस्कर, केनिया, डॅनिश लेखिका कॅरन ब्लिक्सन, आणि नदीकाठी रॉबर्ट रेडफर्ड तिचे केस धुतो तो सीन, जो बघून किती बायकांनी किती नवऱ्यांना टोमणे मारले असतील देव जाणे. सुंदर आहे, पण अडीच तासांच्या वर आहे आणि संथ आहे, रविवारी दुपारी मोठ्या स्क्रीनवर बघायचा, मोबाइलवर बघाल तर नुसतं गवत दिसेल.

माझ्या मते ॲक्सेंटचा खरा पिक्चर 'अ क्राय इन द डार्क', १९८८, आणि तो फार कमी लोकांनी बघितलाय. ऑस्ट्रेलियात १९८० साली उलुरूजवळच्या कॅम्पमधून लिंडी चेंबरलेन नावाच्या बाईचं नऊ आठवड्यांचं बाळ नाहीसं झालं, डिंगोने, म्हणजे तिथल्या जंगली कुत्र्याने, नेलं असं ती सांगत राहिली, आणि देशाने तिच्यावर विश्वास ठेवला नाही कारण ती टीव्हीवर रडली नाही. तिला खुनासाठी जन्मठेप झाली, मग १९८६ मध्ये सुटका, पुढे निर्दोष, आणि डिंगोनेच नेलं असं अधिकृतपणे लिहिलं गेलं ते थेट २०१२ मध्ये. आता विचार करा, प्रेक्षकांची सहानुभूती मिळवणं हे नटाचं काम, आणि इथे रोलच असा आहे की सहानुभूती मागितली तर रोल खोटा. मेरिल अजिबात मागत नाही. काळ्या केसांचा बॉबकट, घट्ट ओठ, तुटक बोलणं, आपल्यालाही मधेच शंका येते की बाई जरा विचित्रच आहे, आणि मग स्वतःचीच लाज वाटते की आपण पण त्या गर्दीतलेच. कान फेस्टिव्हलमध्ये बेस्ट ॲक्ट्रेस मिळालं याला. मिळालाच कुठे तर सोडू नका.

खऱ्या बायकांचे रोल तिने पोत्याने केलेत, त्यातले दोन जोडीने बघा असं सुचवीन. एक 'सिल्कवुड', १९८३, ओक्लाहोमातल्या प्लुटोनियम कारखान्यातली कामगार, च्युइंगम चघळणारी, शिवराळ, सिगरेट ओढणारी, जी तिथल्या सुरक्षेतला ढिलेपणा बाहेर काढायला जाते. रेडिएशन लागल्यावर अंग घासून धुतात तो सीन बघताना आपलीच कातडी चरचरते. सोबत शेर आहे, गायिका, आणि ती चक्क फार छान काम करते. दुसरा 'द पोस्ट', २०१७, स्पीलबर्गचा, १९७१ सालचं पेंटॅगॉन पेपर्स प्रकरण, म्हणजे व्हिएतनाम युद्धाबद्दलची सरकारची गुप्त कागदपत्रं पेपरात छापायची की नाही ते, मेरिल वॉशिंग्टन पोस्टची मालकीण कॅथरीन ग्रॅहम. एकीकडे पैसा नाही पण तोंड आहे, दुसरीकडे पैसा, पेपर, बंगला सगळं आहे आणि बोर्ड मीटिंगमध्ये तोंडातून शब्द फुटत नाही, पाठ केलेले आकडे समोर आहेत आणि ते शेवटी दुसराच पुरुष बोलून टाकतो. मग रात्रीचा तो फोनवरचा निर्णय, चार-पाच जण लाइनवर, सगळे सांगतायत काय करावं, आणि ती अडखळत, श्वास घेत, जवळजवळ घाबरत हो म्हणते. मिरांडा प्रीस्टलीने तो निर्णय भुवईने दिला असता. हे दोन्ही एकाच बाईने केलंय हे डोक्यात ठेवून बघा.

'द आयर्न लेडी' वर बोललोच, २०११, मार्गारेट थॅचर, तिसरं ऑस्कर. पहिली काही मिनिटं बघा, म्हातारी थॅचर एकटीच दुकानात दूध घ्यायला गेलीये आणि तिला कोणी ओळखत नाही. मेकअपलाही ऑस्कर मिळालं, त्यात जे. रॉय हेलंड आहे, जो किती वर्षांपासून तिचे केस आणि मेकअप करतोय. राजकारणाची माहिती हवी म्हणून बघाल तर निराश व्हाल.

गाण्याची आवड असेल तर एक गंमत करा. 'मम्मा मिया' बघून झालाय ना, त्यावर 'फ्लॉरेन्स फॉस्टर जेन्किन्स' लावा, २०१६. ही पण खरी बाई, श्रीमंत, गाण्याची प्रचंड हौस, आवाज भयंकर, आणि १९४४ मध्ये तिने थेट कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम केला. चांगलं गाता येणाऱ्या माणसाला नेमकं किती बेसूर व्हायचं हे ठरवून बेसूर होणं किती अवघड ते गाणाऱ्यांना विचारा. सूर जवळ येतो, आता लागणार असं वाटतं, आणि ती बाजूने निघून जाते. हसून हसून पुरेवाट होते आणि मग ह्यू ग्रँटचा चेहरा बघून हसू गिळावं लागतं.

आणि घरी कोणी म्हणत असेल की मेरिल काय, सगळीकडे मेरिलच दिसते, तर त्यांना 'एंजल्स इन अमेरिका' या २००३ च्या मालिकेची सुरुवात दाखवा, काही न सांगता. म्हातारा दाढीवाला ज्यू धर्मगुरू अंत्यविधीचं भाषण देतोय. भाषण संपू द्या, मग विचारा यात मेरिल कुठे होती. एकदाच चालते ही युक्ती पण चालते.

आठवड्याला एक, फार तर दोन. सलग बघू नका, तिच्या युक्त्या एकमेकांत मिसळतात आणि मग सगळ्यात तो चष्मा काढायचाच प्रकार दिसायला लागतो (हो, तिच्याही सवयी आहेत, नाही असं नाही, चष्म्याशी आणि केसांशी खेळणं फार). एक सीन म्यूट करून बघायची सवय लावा. आणि आवडला नाही पिक्चर तर बंद करा, 'इन्टू द वुड्स' मी अर्ध्यावर सोडलाय आणि मला काही झालं नाही.

राहता राहिला 'सोफीज चॉइस', १९८२. दोन-तीन महिने झाले असतील, दहा-बारा पिक्चर झाले असतील, तेव्हा. दुपारी लावा, रात्री नाही. ब्रुकलिन, १९४७, पोलंडहून आलेली सोफी, तिचा लहरी प्रियकर, म्हणजे केव्हिन क्लाइन, ज्याचा हा पहिलाच पिक्चर, आणि त्याच घरात राहणारा तरुण लेखक. यासाठी ती पोलिश आणि जर्मन शिकली, आणि सोफी इंग्लिश बोलताना शब्द शोधते तेव्हा खरंच शोधते. पहिला तास चक्क हसरा आहे, पार्ट्या, पिकनिक, नवे जुने कपडे, आणि सोफी आपल्या भूतकाळाबद्दल थोडं थोडं सांगते, त्यातलं काही खोटं असतं, ते कुठलं हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न करा. तो जो सीन आहे, ज्याच्यामुळे पिक्चरचं नाव आहे, त्याबद्दल मी काही सांगणार नाही, कोणी सांगायला लागलं तर कानात बोटं घाला. एवढंच की तो तिने एकदाच केला, परत करायला तयार झाली नाही. तुम्ही पण मागे घेऊन परत बघू नका, बाकी सगळीकडे मी रिवाइंड करा म्हणालो, इथे नाही. संपल्यावर लगेच दुसरं काही लावू नका. मावसबहिणीला मी दोन वर्षांनी याच क्रमाने सगळे दाखवले आणि शेवटी परत हाच लावला, तेव्हा ती संपल्यावर बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, मागच्या वेळी मी फक्त गोष्ट बघितली होती. दुसऱ्या दिवशी तिनेच मेसेज केला, तो ऑस्ट्रेलियावाला कुठला म्हणालास, तो राहिलाय ना?